सहावी ते आठवीच्या मुलांना कौशल्य शिकवायचंय? पगार किती, नोकरी कुठे आणि सुरुवात कशी करायची

बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, "शाळेत व्होकेशनल ट्रेनर म्हणून लागलो तर पगार किती मिळेल?" कोणी आयटीआय करून दोन वर्षं वर्कशॉपमध्ये घासलेला असतो, कोणी ब्युटी पार्लरचा कोर्स करून घरीच क्लास घेत असते, कोणी डिप्लोमा झालेला इंजिनियर असतो ज्याला कंपनीच्या शिफ्टचा कंटाळा आलाय. याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि जो देतो तो तुम्हाला अर्धंच सांगतोय. या कामात पगार तुमच्या हातातल्या कलेवर कमी ठरतो आणि नेमणूक कोणत्या दारातून झाली त्यावर जास्त ठरतो. तोच विषय, त्याच वयाची मुलं, पण एकाच्या हातात पंधरा हजार आणि दुसऱ्याच्या ऐंशी. हे का होतं ते आधी समजून घ्या, मग अर्ज भरा.

मी स्वतः काही वर्षं शाळांमध्ये मल्टी स्किल (एकाच विषयात वेगवेगळी हातकामं) शिकवलंय, कॉन्ट्रॅक्टवर. माझ्या ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. बोलणं मुख्यतः महाराष्ट्राबद्दल आहे, केंद्राच्या शाळा मध्ये येतील तिथे तसं सांगतो.

पहिली पायरी : हे काम नेमकं काय आहे ते बघा

सहावी ते आठवी म्हणजे अकरा ते चौदा वयाची मुलं. या वयात त्यांना प्लंबर किंवा टेलर बनवायचं नसतं, हे डोक्यात पक्कं बसवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या टप्प्यावर मुलांना वेगवेगळ्या कामांची ओळख व्हावी असं म्हटलंय, सुतारकाम, वीजकाम, धातूकाम, बागकाम, कुंभारकाम असं, आणि सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवायचे असंही त्यात आहे. प्रत्यक्ष ट्रेड धरून जॉब रोल, म्हणजे एका ठरावीक नोकरीचं काम, शिकवणं नववीपासून सुरू होतं.

एनसीईआरटीने या टप्प्यासाठी 'कौशल बोध' नावाची पुस्तकं काढायला २०२४ मध्ये सुरुवात केली, सहावीचं आधी आलं. त्यात कामाचे तीन प्रकार केलेत : सजीवांबरोबरचं काम (शेती, रोपवाटिका, पशुपालन), यंत्रं आणि साहित्याबरोबरचं काम, आणि माणसांच्या सेवेचं काम. वर्षाला प्रत्येक प्रकारातला एक असे तीन प्रोजेक्ट, म्हणजे तीन वर्षांत नऊ, आणि त्यासाठी वर्षाला साधारण ११० तास धरलेत. लेखी परीक्षेला महत्त्व अगदी थोडं, जास्त भर मुलाने हाताने काय केलं, कसं समजावून सांगितलं यावर.

म्हणजे काय, तर तुम्ही वायरमन असलात तरी तुम्हाला रोपवाटिकेचा प्रोजेक्टपण घ्यावा लागू शकतो. एकाच ट्रेडमध्ये खोल असलेल्या माणसाला सुरुवातीला हे जड जातं, मलाही गेलं. पण आपल्याकडे हा प्रकार नवीन नाहीये. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा कार्यक्रम उभा राहिला, ज्याला आयबीटी म्हणतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि शिकवायला गावातलेच हाताने काम करणारे लोक. जमलं तर पाबळला एकदा जाऊन या किंवा आयबीटी चालणारी जवळची शाळा शोधून एक दिवस मागे बसून बघा. त्या एका दिवसात जे कळेल ते कुठल्या कोर्समध्ये कळणार नाही.

दुसरी पायरी : पगार कमी का, हे कायद्यात बघा

हे सहसा कोणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश वाचा.

शिक्षण हक्क कायदा २००९, त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. सहावी ते आठवीला किती शिक्षक हवेत ते त्यात दिलंय : प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, त्यात विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हीसाठी किमान एकेक, आणि दर ३५ मुलांमागे एक. हे झाले पूर्णवेळ. त्याखाली लिहिलंय की पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि अंशकालीन निदेशक, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांसाठी.

अंशकालीन. म्हणजे कायद्यानेच हाताच्या कामाचा शिक्षक अर्धवेळचा धरलाय. तिथूनच सगळं सुरू होतं, पूर्णवेळ पदच नाही तर वेतनश्रेणी कुठून येणार, म्हणून मग मानधन, म्हणून मग दरवर्षी नवीन करार, आणि राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर 'व्यवसाय शिक्षण, सहावी ते आठवी' अशी वेगळी जागा शोधत बसलात तर नेहमीच्या विषय शिक्षकांच्या जागांमध्ये ती तुम्हाला सापडत नाही.

आता याच्या शेजारी केंद्रीय विद्यालय ठेवा. तिथे 'वर्क एक्स्पीरियन्स टीचर' हे पद टीजीटी म्हणजे प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या दर्जाचं, पूर्णवेळ, सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल ७ मध्ये, म्हणजे मूळ पगार ४४,९०० पासून सुरू. मुलं तीच, सहावीपासूनची. फरक फक्त पद कसं मंजूर झालंय याचा. म्हणून मी म्हणतो की दार आधी बघा.

तिसरी पायरी : दारं कोणती कोणती आहेत

सगळ्यात जास्त माणसं ज्या दारातून येतात ते म्हणजे समग्र शिक्षा योजनेतल्या व्यवसाय शिक्षणाचं. ही योजना २०१८ ला सुरू झाली, आधीच्या सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान वगैरे एकत्र करून. यात सरकारी शाळांमध्ये नववी ते बारावीला ऑटोमोबाईल, ब्युटी अँड वेलनेस, आयटी, रिटेल, हेल्थकेअर, शेती, मल्टी स्किल असे ट्रेड चालतात. ट्रेनर बहुतेक वेळा शाळेचा नसतो, एजन्सीचा असतो. टेंडर भरून एजन्सी काम घेते आणि तुम्हाला शाळेत पाठवते. तुम्ही म्हणाल हे तर नववीपासूनचं झालं, सहावी ते आठवीचं काय, तर बऱ्याच शाळांमध्ये जो ट्रेनर नववीला आहे त्यालाच मुख्याध्यापक खालच्या वर्गांचे तास किंवा दप्तराविना दिवसांचे उपक्रम देतात, म्हणून हे दार धरलंच पाहिजे.

दुसरं दार अंशकालीन निदेशकाचं, त्याबद्दल वर बोललोच. मिळालं तर जोडकाम म्हणून ठीक, पण यावर घर चालवायचा हिशोब करू नका.

तिसरं, राज्याचा नियमित शिक्षक. इथे तुम्ही 'विज्ञान-गणित शिक्षक' म्हणून लागता आणि कौशल्याचा विषय तुमच्याकडे येतो. वाट लांबची आहे पण टिकाऊ आहे, पुढे सांगतो.

चौथं केंद्रीय विद्यालय. जागा थोड्या, स्पर्धा देशभरची, आणि पात्रता सगळ्यांना बसत नाही. वर्क एक्स्पीरियन्सला इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा डिग्री लागते, डिप्लोमावाल्यांना वर्षभराचा प्रत्यक्ष कामाचा अनुभवही लागतो, वयोमर्यादा ३५. इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेल्या माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हे पद असतं हेच माहीत नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कळेपर्यंत काहींचं वय निघून गेलं होतं.

पाचवं दार खाजगी सीबीएसई शाळांचं. इथे पगार शाळेच्या फी आणि मॅनेजमेंटवर, कसलाही एक नियम नाही. पण जागा सध्या इथे वाढतायत, कारण सीबीएसईने ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांना कंपोझिट स्किल लॅब करायला सांगितलं, सहावी ते बारावीसाठी ६०० चौरस फुटांची एक किंवा ४०० चौरस फुटांच्या दोन वेगळ्या, आणि जुन्या शाळांना त्यासाठी तीन वर्षं दिली. लॅब झाली की ती चालवायला माणूस लागतोच. अटल टिंकरिंग लॅबचंही (मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) तसंच, नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून चालू आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान, आणि २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५०,००० लॅब करायचं जाहीर झालंय. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो, सोल्डरिंग येत असेल तर या शाळांमध्ये स्वतः जाऊन विचारा, जाहिरातीची वाट बघू नका.

चौथी पायरी : पैशाचा हिशोब कागदावर करा

आधी एजन्सीवाला. आकडे मी उदाहरणासाठी धरतोय, तुमचे तुम्ही घाला.

समजा फोनवर सांगितलं, "महिना २०,००० सीटीसी." सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, तुमच्या हातात पडणारी रक्कम नाही. पीएफ १५,००० वर कापला तर मालकाचा हिस्सा चार्जेस धरून १३ टक्के म्हणजे १,९५० त्यातूनच जातो. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, त्याचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के तोही त्यातूनच. तुमचा ग्रॉस, म्हणजे तुमच्या कपातीआधीचा पगार, उरला साधारण १७,५००. आता त्यातून तुमचा पीएफ १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १३० च्या आसपास, आणि पुरुष असाल तर प्रोफेशनल टॅक्स २०० (महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे). हातात आले १५,३५० च्या जवळपास. वीस हजार म्हणून गेलात आणि सव्वापंधरा-साडेपंधरा घेऊन आलात.

इथेच थांबू नका. करार दहा महिन्यांचा असेल तर वर्षाचे झाले १,५३,५००, त्याला बाराने भागा, महिन्याला १२,८०० सुद्धा होत नाहीत. खरा पगार हा. माझा पहिला करार एप्रिलअखेर संपला आणि मी मे महिन्याच्या पगाराची वाट बघत बसलो होतो, कारण कागदावरची तारीख मी नीट वाचलीच नव्हती, त्या उन्हाळ्यात घरभाडं मित्राकडून घेऊन भरलं. तेव्हापासून कोणी ऑफर सांगितली की मी आधी विचारतो, किती महिने?

पीएफ कापला जातो म्हणून चिडू नका, तो तुमचाच पैसा आहे. फक्त तो खरंच भरला जातोय का ते बघा. यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, मागून घ्या, तो ॲक्टिव्हेट करा आणि दर महिन्याला पासबुक उघडून एंट्री आली का ते तपासा. एजन्सी बदलली की पैसे काढू नका, ट्रान्सफर करा, पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते आणि मध्ये मध्ये काढत राहिलात तर ती कधीच भरत नाही. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगाराला लागू होतो आणि ब्युटी, शिवण, हेल्थकेअर या ट्रेडमध्ये येणाऱ्या मुलींसाठी तो फार महत्त्वाचा आहे, बाळंतपणात २६ आठवड्यांचा पगार त्यातून मिळू शकतो, पण हप्ते वेळेवर भरलेले असतील तरच. म्हणून जॉइन झाल्या झाल्या ईएसआयचा नंबर मागा, लाजू नका.

आता राज्याचा नियमित. सुरुवातीची तीन वर्षं तुम्ही शिक्षण सेवक. मानधन आधी प्राथमिकला ६,००० आणि माध्यमिकला ८,००० होतं, ते जानेवारी २०२३ पासून १६,००० आणि १८,००० झालं, उच्च माध्यमिकला २०,०००. तीन वर्षं झाली की वेतनश्रेणी लागते, प्राथमिकला एस-१० म्हणजे मूळ २९,२०० पासून, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराला एस-१४ म्हणजे ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं. म्हणजे पहिली तीन वर्षं एजन्सीवाला आणि शिक्षण सेवक यांच्यात हातातल्या पैशाचा फार फरक दिसत नाही, चौथ्या वर्षी एकदम दिसतो. हे लक्षात न घेता काही जण "सोळा हजारच तर आहेत" म्हणून वाट सोडतात, ती चूक करू नका.

केंद्रीय विद्यालय : मूळ ४४,९००, जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर २६,०४२, नाशिक-नागपूरसारख्या शहरात घरभाडं २० टक्के म्हणजे ८,९८०. बेरीज ७९,९२२, वर वाहतूक भत्ता. एनपीएस या पेन्शन योजनेचे १० टक्के कापले जातात, तरी तुलना करून बघा.

खाजगी शाळेत एकच सांगतो, बँकेत किती येणार आणि किती महिने येणार हे लेखी घ्या. तासिका तत्त्वावर घेत असतील तर आठवड्याला किती तास पक्के ते विचारा, आणि सुट्ट्यांचे महिने शून्य धरूनच हिशोब करा.

पाचवी पायरी : कागदपत्रं आणि पात्रता जुळवा

ट्रेनरसाठी प्रत्येक जॉब रोलची पात्रता वेगळी. भोपाळला पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे, एनसीईआरटीच्या अखत्यारीतली, तिच्या प्रत्येक जॉब रोलच्या अभ्यासक्रमात ट्रेनरची पात्रता, किमान अनुभव, लॅबला लागणारी हत्यारं हे सगळं दिलेलं असतं. वय साधारण १८ ते ३७. निवड कशी व्हावी हेही त्यात आहे : विषयाची लेखी परीक्षा, मुलाखत, आणि वर्गात किंवा वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष शिकवून दाखवणं. तुमच्या ट्रेडचा अभ्यासक्रम डाउनलोड करा आणि ते एक पान प्रिंट काढून भिंतीवर लावा, मग काय कमी आहे ते रोज दिसेल.

सगळ्यात जास्त अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. गॅरेजमध्ये चार वर्षं काम केलं पण कागद काहीच नाही, अशी मुलं मी खूप बघितलीत. आजच जाऊन मालकाकडून लेटरहेडवर लिहून घ्या, कधीपासून कधीपर्यंत, काय काम, सही-शिक्का. पगार बँकेत येत असेल तर स्टेटमेंट जपून ठेवा.

नियमित शिक्षकाची वाट धरायची असेल तर पदवी, त्यावर बीएड किंवा डीएलएड, मग टीईटीचा पेपर २, मग टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल. टीईटी आणि टेट यात नवीन माणूस हमखास गोंधळतो. टीईटी ही पात्रता परीक्षा, १५० मार्क, खुल्या गटाला ६० टक्के लागतात, आणि एकदा पास झालात की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. टेट ही भरतीसाठीची, २०० मार्क, त्याच्या गुणांवर मेरिट. टीईटीच्या पेपर २ मध्ये कौशल्य विषयाचा पर्याय नाही, गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला एक घ्यावा लागतो, तांत्रिक बॅकग्राउंडवाल्यांनी गणित-विज्ञानच घ्या, तुमचं रोजचं काम त्यातच आहे. टेट २०१७ ला झाली, नंतर थेट २०२३ ला, मग २०२५ ला. मधली सहा वर्षं ज्यांनी फक्त वाट बघितली त्यांचे हाल मी जवळून पाहिलेत, म्हणून ट्रेनरची नोकरी करत करत बीएड आणि टीईटी उरकून ठेवा, रिकामं बसून नको.

आयटीआय झालेल्यांनी अजून एक बघावं, सीआयटीएस म्हणजे क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा एका वर्षाचा कोर्स. त्याने शाळेत लगेच पगार वाढेल असं नाही, पण आयटीआयमध्ये निदेशक व्हायची वाट मोकळी होते.

सहावी पायरी : अर्ज, आणि फसू नका

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात समग्र शिक्षाचं काम बघणारे असतात, त्यांना भेटून तुमच्या जिल्ह्यात व्यवसाय शिक्षण कोणत्या एजन्सीकडे आहे ते विचारा आणि थेट एजन्सीच्या ऑफिसला बायोडेटा द्या. एजन्सी बदलते तेव्हा जून-जुलैच्या आसपास धावपळ असते, कागद आधीच तयार ठेवा.

"वीस हजार भरा, ऑर्डर काढून देतो" असं म्हणणारा भेटेलच. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, फाईल चार्ज, नाव काहीही असो, नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की उठून या. ज्या नोकरीत हातात पंधरा हजार येणार तिच्यासाठी सव्वा महिन्याहून जास्त पगार आधीच द्यायचा, आणि वर्षाने एजन्सी बदलली की पुन्हा दुसऱ्याला द्यायचा, हा व्यवहार कुठेच बसत नाही. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवून येऊ नका, तेही मागतात.

सातवी पायरी : डेमो

इथे बहुतेक चांगले कारागीर पडतात. हातात कला असते पण तोंडातून शब्द फुटत नाही, किंवा मग पाठ केलेली व्याख्या म्हणत सुटतात. सातवीचा वर्ग आहे असं धरा, वीस मिनिटांत एक छोटी गोष्ट पूर्ण करून दाखवा. मी टू-वे स्विचची जोडणी घ्यायचो, जिन्यातला दिवा खालून लावायचा आणि वरून घालवायचा. बॅटरीवर, घरच्या लाइनवर अजिबात नाही. आधी मुलांना विचारायचं की हे कसं होत असेल, फळ्यावर त्यांच्याकडूनच तारा काढून घ्यायच्या, चुकू द्यायचं, मग एकाच्या हाताने जोडून घ्यायचं. हत्यार हातात देण्याआधी सुरक्षेचे दोन नियम सांगितले की मुलाखत घेणाऱ्यांचा चेहरा बदलतो, कारण मुलाला इजा झाली तर काय होतं ते मुख्याध्यापकांना चांगलं माहीत असतं.

आणि वर्गात शेतातून, दुकानातून आलेलं एखादं मूल असतंच ज्याला गणितात शून्य मिळतं पण पाना कसा धरायचा ते तुमच्याइतकं कळतं. त्याला पुढे बोलवा. या पूर्ण कामातला सगळ्यात मोठा आनंद मला तोच वाटतो.

आठवी पायरी : पुढे काय, जागा वाढतील का

वाढतील असं मला वाटतं, पण सरसकट नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं लक्ष्य होतं, आणि त्याच धोरणात लिहिलंय की १९ ते २४ वयातल्या कामकरी लोकांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले आपल्याकडे पाच टक्क्यांपेक्षाही कमी, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. दरी एवढी मोठी आहे की काम वर्षानुवर्षं पुरेल. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये धोरणानुसारचा नवीन अभ्यासक्रम आराखडा टप्प्याटप्प्याने आणायचं ठरवलं, त्यात सहावीचं वर्ष २०२६-२७, सातवीचं २०२७-२८, आठवीचं २०२८-२९. म्हणजे हा विषय सहावी ते आठवीत वर्षावर्षाने येतोय.

अडचण ही की विषय आला म्हणजे पद आलं असं होत नाही. वर्षाचे ११० तास तीन इयत्तांचे मिळून ३३० झाले, लहान शाळेत एवढ्यावर पूर्णवेळ माणूस कोण घेणार, ते तास विज्ञानाच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकाला वाटून दिले जातात. धोरणात स्थानिक कारागिरांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून बोलवायची सोय आहे, ती चांगलीच आहे, पण तीही पाहुण्यासारखीच, पगारी पद नव्हे. म्हणून फक्त सहावी ते आठवीवर अवलंबून राहू नका. जो माणूस खाली कौशल बोध घेतो, वर नववी-दहावीचा ट्रेड घेतो, लॅब सांभाळतो आणि जमल्यास विज्ञानाचे तासही घेऊ शकतो, त्याला शाळा सोडत नाही. तीन-चार वर्षांनी त्याच अनुभवावर सेक्टर स्किल कौन्सिलचा (त्या-त्या उद्योगाची कौशल्यं ठरवणारी संस्था) असेसर, म्हणजे परीक्षक, होता येतं, एजन्सीत कोऑर्डिनेटर होता येतं.

नेमणूक पत्र हातात आलं की हे बघा

करार कधी सुरू, कधी संपतो. पगार ग्रॉस की सीटीसी. मालक कोण, एजन्सी की शाळा व्यवस्थापन. किती दिवस आधी नोटीस. रजा किती. मटेरियलचा खर्च कोण करणार, हे तर नक्कीच विचारा, कारण वायर, खिळे, बिया खिशातून आणणारे ट्रेनर मी बघितलेत आणि महिन्याला हजार-दीड हजार असेच जातात. शाळेला उपकरणं आणि कच्च्या मालासाठी अनुदान येत असेल तर मुख्याध्यापकांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या, "सर, प्रॅक्टिकलचं सामान कसं मागवायचं, कोणाच्या सहीने?" एवढं नम्रपणे विचारलं तरी बरंच मार्गी लागतं.

हजेरी शाळेच्या मस्टरवर आणि एजन्सीच्या ॲपवर, दोन्हीकडे लागते का ते बघा, एकीकडे राहिली की पगार कापतात. दर महिन्याची पगाराची स्लिप मागा, देत नसतील तर ईमेल करून मागा म्हणजे नोंद राहते. आणि दरवर्षी करार संपला की त्याच आठवड्यात अनुभव प्रमाणपत्र घ्या, एजन्सीचंही आणि मुख्याध्यापकांच्या सहीचंही, कारण एजन्सी पुढच्या वर्षी बदललेली असेल, साहेब बदलले असतील, फोन लागणार नाही, आणि नेमकं तेव्हाच कुठलीतरी चांगली जाहिरात निघालेली असेल.